टोमॅटोच्या पानावर दिसणारा छोटा राखाडी पतंग टुटाच आहे का?

हो, नाशिकजवळच्या गिरणारे भागात टोमॅटोच्या पानांत दिवसा लपून बसणारा आणि झाड हलवलं की उडणारा तो बारीक राखाडी पतंग बहुतेक टुटाच (टोमॅटोची पानं-फळं पोखरणारी कीड, टुटा अब्सोल्युटा) असणार. लांबी जेमतेम ५ ते ७ मिलिमीटर, रंग चंदेरी-राखाडी, पुढच्या पंखांवर काळे ठिपके आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या, त्यावर गडद-फिकट पट्टे दिसतात, मोबाईलवर झूम करून बघा. आमच्याकडेही टोमॅटोच असतो आणि कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावतो, त्यात हेच पतंग चिकटतात, म्हणून सांगतोय. फक्त एक आहे, बटाट्यावरचा पाकोळी पतंग याच कुळातला आणि दिसायला जवळपास तसाच, त्यामुळे नुसत्या पतंगावरून शंभर टक्के सांगता येत नाही, त्यापेक्षा पान बघा:

- नागअळीची (पान पोखरणारी दुसरी कीड) रेघ बारीक आणि नागमोडी असते
- टुटाचा रुंद पारदर्शक चट्टा असतो, पान उजेडात धरलं की आत काळी विष्ठा आणि हिरवट-गुलाबी अळी दिसते, डोक्यामागे काळी पट्टी
- फळावर देठाजवळ टाचणीएवढी भोकं पडतात

मूळचा हा दक्षिण अमेरिकेतला, २००६ ला स्पेनमध्ये आला, मग आफ्रिका, आखाती देश असं करत २०१४ ला महाराष्ट्रात सापडला. टोमॅटो नसला की वांगी, बटाटा नाहीतर बांधावरची कामोणी यावरही जगतो, त्यामुळे बांधावरचं तण आधी काढा.