मुलाच्या प्रवासासाठी पैसे हवेत: लांबच्या ओळखीला काय उत्तर द्यावे?

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये तुमचे कुटुंब पुण्याहून न्यू जर्सीला येणार आहे आणि अजून सामानाची बांधाबांधही सुरू झालेली नसताना पैशाच्या दोन मागण्या येऊन पोहोचल्या आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या यजमानांच्या इथल्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने, ज्याच्याशी त्यांची ओळख केवळ संगणकाच्या पडद्यावरची आहे, आपल्या मुलीच्या शाळेच्या बँडच्या दौऱ्यासाठी गोफंडमीची, म्हणजे लोकांकडून वर्गणी गोळा करण्याच्या संकेतस्थळाची, लिंक साऱ्या टीमला पाठवली आहे. दुसरीकडे, यजमानांच्या आत्येबहिणीच्या दिरांचा मुलगा ऑगस्टमध्ये एम.एस.साठी टेक्ससला निघाला असून, ‘तुम्ही तिकडेच चालला आहात, तेव्हा तिकिटाचे आणि सुरुवातीच्या खर्चाचे दीड लाख तेवढे बघा’ असा निरोप सांगलीहून सासूबाईंमार्फत आला आहे. द्यावेत का, किती द्यावेत आणि नाही म्हटले तर संबंध बिघडतील का, हा तुमचा प्रश्न. इथे बरीच वर्षे राहून मी दोन्ही तऱ्हेच्या मागण्यांना उत्तरे देत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वरवर पाहता दोन्ही मागण्या सारख्याच वाटतात. प्रत्यक्षात पहिली सर्वांना उद्देशून केलेली असते आणि तिच्यावर मौन बाळगले तरी कोणी मनावर घेत नाही. दुसरी नात्याच्या साखळीतून खास तुमच्यापर्यंत आलेली असते आणि तिथे गप्प राहणे हाच अपमान ठरतो. नव्याने आलेली आपली मंडळी बहुधा नेमके उलटे वागतात. गोऱ्या सहकाऱ्याच्या लिंकपुढे संकोचून लगेच कार्ड काढतात आणि सांगलीच्या निरोपावर ‘बघू, बघू’ म्हणत तीन महिने काढतात, आणि मग गावात ‘तिकडे गेल्यावर माणसे बदलतात’ हे वाक्य त्यांच्या नावावर जमा होते.

आधी अमेरिकेचे सांगते. इथल्या सार्वजनिक शाळांत शिक्षण मोफत असले, तरी बँडचा दौरा, स्पॅनिशच्या वर्गाची स्पेन किंवा कोस्टा रिकाची सहल, रोबोटिक्सच्या संघाचा दुसऱ्या राज्यातील स्पर्धेसाठीचा प्रवास, असले खर्च बहुतेक ठिकाणी पालकांवरच पडतात. मुलांनी स्वतः खटपट करून त्यातले काही पैसे उभे करावेत, हा इथे शिक्षणाचाच भाग समजला जातो. त्यामुळे खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरातील मुलेही पैसे मागतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. डॉक्टरांच्या मुलीने सहलीसाठी शेजाऱ्यांपुढे हात पसरावा, हे आपल्या मनाला लवकर पटत नाही. पण कार्यालयाच्या पँट्रीत कॉफीच्या यंत्राशेजारी चॉकलेटांचा पुठ्ठ्याचा डबा आणि त्यातच नोटा टाकायचे पाकीट दिसले, की समजावे, कोणाची तरी मुलगी कुठेतरी निघाली आहे. वर्षाच्या सुरुवातीला गर्ल स्काउट्सच्या मुली सुपरमार्केटच्या दाराबाहेर थंडीत टेबल मांडून बिस्किटे विकतात, वसंतात शनिवारी मुले गाड्या धुऊन देतात, आणि एखाद्या रेस्टॉरंटमध्ये ठराविक संध्याकाळी जेवलात तर बिलाचा काही भाग शाळेला जातो. या सगळ्यात विकत घेणारा आणि न घेणारा, दोघेही दुसऱ्या दिवशी एकमेकांना त्याच सुरात ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात.

म्हणून त्या सहकाऱ्याच्या लिंकला तुमच्या यजमानांनी काहीही उत्तर दिले नाही तरी चालेल. कारणे सांगत बसू नये, कारण ती कोणी विचारलेलीच नसतात. उलट ‘आम्ही नुकतेच येत आहोत, खर्च फार आहे’ असे लांबलचक लिहिले तर समोरचाच अवघडतो. द्यावेसे वाटले तर १० ते २५ डॉलर पुरेत. ज्या मुलाला आपण पाहिलेले आहे त्याला द्यावे, बाकीच्यांना मनापासून शुभेच्छा द्याव्यात, एवढीच माझी रीत आहे. मागणारा माणूस वरिष्ठ असेल तर मात्र मी मुद्दाम दूर राहते. अनेक कंपन्यांत हाताखालच्या लोकांकडे असे पैसे मागण्यावर बंधन असते आणि तसे ते असायलाच हवे.

लिंकवरून देताना पडद्यावर काय येते ते नीट वाचावे. गोफंडमी प्रत्येक देणगीतून २.९ टक्के आणि वर ३० सेंट कापून घेते, म्हणजे तुमच्या २५ डॉलरपैकी त्या मुलीपर्यंत २४ डॉलरला तीन सेंट कमी इतके पोहोचतात. ही कपात रास्त आहे. त्याखेरीज कंपनीसाठी ऐच्छिक ‘टिप’ असते आणि तिची पट्टी आधीच काही टक्क्यांवर सरकवून ठेवलेली असते. घाईत बटण दाबणाऱ्याच्या कार्डातून तेवढे जास्त पैसे जातात. ती पट्टी शून्यावर आणता येते आणि त्यात काही वावगे नाही. करसवलतीची आशा धरून देऊ नये. एखाद्या व्यक्तीला दिलेले पैसे इथल्या आयकर खात्याच्या लेखी निव्वळ भेट असते. वजावट मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, आणि संस्थेच्या नावाने चेक लिहून ‘हे अमुक मुलासाठीच वापरा’ अशी अट घातली तर तीही हातची जाते.

चर्चच्या तरुण गटांची पत्रेही येतील. उन्हाळ्यात मुले ग्वाटेमालासारख्या देशांत सेवाकार्य आणि धर्मप्रसार यांच्या मिश्र हेतूने जातात आणि जाण्यापूर्वी फोटोसह पत्र पाठवतात. मला त्यातील धर्मप्रसाराला पैसे द्यायचे नसतात, म्हणून मी देत नाही, आणि आजवर कोणी त्याबद्दल विचारलेले नाही. तुमची मुलगी सहावीत जाणार आहे, तेव्हा वर्षभरात तीही विक्रीचा कॅटलॉग घेऊन घरी येईल, हे ध्यानात असू द्या. त्या वस्तूंच्या किमतीतला मोठा वाटा बहुधा विकणाऱ्या कंपनीकडेच राहतो. बऱ्याच शाळा त्याऐवजी पालकांकडून सरळ चेक स्वीकारतात, तो द्यावा आणि कॅटलॉग कार्यालयात नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता सांगलीचा निरोप. इथे विषय नाजूक आहे, कारण मागणारा मुलगा लांबचा असला तरी निरोप आणणाऱ्या सासूबाई जवळच्या आहेत, आणि तुमच्या उत्तराची झळ त्या मुलापेक्षा त्यांना जास्त बसणार आहे. शिवाय अशा मागणीमागे आपल्याकडची जुनी रीत आहे. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याला सात घरांनी वाटून घेण्याची पद्धत फार जुनी गोष्ट नव्हे. आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांनी बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात आपण का जात आहोत हे जाहीर भाषणात सांगितले, आणि त्यानंतर अनोळखी लोकांकडूनही मदत आली; इथे आल्यावर आसरा दिला तो न्यू जर्सीतल्याच रोझेल गावच्या एका बाईंनी, ज्यांची ओळख केवळ पत्रांतून झालेली होती. तेव्हा ‘लांबच्या माणसाने मागूच कसे’ हा सूर लावू नये. फरक एवढाच, की वार लावणाऱ्या घराला तो मुलगा रोज दिसत असे आणि आनंदीबाईंनी आपले म्हणणे स्वतः उभे राहून मांडले होते. तुमच्याकडे आलेल्या निरोपात मुलाचा स्वतःचा शब्द एकही नाही. म्हणून पहिली गोष्ट ही, की मुलानेच तुमच्या यजमानांना फोन करावा असे सासूबाईंना सांगावे. कोणते विद्यापीठ, कोणता अभ्यासक्रम, कर्ज किती मंजूर झाले, व्हिसाची मुलाखत कधी आहे, हे त्याच्या तोंडून ऐकले, की पुष्कळ गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. खरी गरज असलेला मुलगा ही माहिती आनंदाने देतो. मोघम बोलणाऱ्याचा फोन पुन्हा येत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसरे म्हणजे, दीड लाख ही रक्कम कुणीतरी डॉलरचा गुणाकार करून ठरवलेली दिसते. मुंबईहून एकेरी तिकीट साधारणपणे याहून बऱ्याच कमी पैशांत मिळते. तुमची पहिल्या वर्षाची स्थिती त्यांना माहीत नसते. इथे आल्या आल्या पहिल्या महिन्याचे भाडे आणि अनामत द्यावी लागते, आणि न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे घरमालक दीड महिन्याच्या भाड्याइतकी अनामत घेऊ शकतो. तुमचा इथे पतइतिहास नसल्यामुळे मोटारीचे कर्जही चढ्या व्याजाने मिळते. ही अडचण खरी असल्यामुळे ती सांगण्यात काही लपवाछपवी नाही, मात्र आपण देऊ ती रक्कम कमी का आहे, हे सांगण्यापुरतीच ती वापरावी. इतक्या लांबच्या नात्यात देण्याचा हिशेब मी आहेरासारखा करते: आपल्याला झेपेल ती रक्कम, एकदाच, परतफेडीची अपेक्षा न ठेवता. हातउसने म्हणून मोठी रक्कम देऊ नये. मुलाला इथे नोकरी लागेपर्यंत दोन-तीन वर्षे जातात, तोवर मागण्याचा तुम्हाला संकोच आणि न दिल्याचा त्यांना संकोच, आणि शेवटी लग्नकार्यात दोन्ही कुटुंबे एकमेकांची नजर चुकवतात.

देण्याची माझी आवडती वाट सांगते. विद्यापीठाने आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला, पाठवल्यावर विद्यार्थ्याला सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेची) ३५० डॉलर फी भरावी लागते आणि व्हिसाच्या अर्जाचे १८५ डॉलर वेगळे. सेव्हिसची फी विद्यार्थ्याच्या वतीने दुसऱ्या कोणालाही सरकारी संकेतस्थळावर भरता येते. त्यासाठी आय-२० वरचा क्रमांक, नाव आणि जन्मतारीख लागते. म्हणजे प्रवेश खरा असल्याची खात्री होते, पैसे नेमक्या कामी लागतात आणि तीस हजार रुपयांच्या आसपासची तुमची मदत ठोस दिसते. त्यांना तिकिटातच मदत हवी असेल तर व्हिसाचा शिक्का बसण्याआधी एक पैसाही देऊ नका, कारण मुलाखतीत नकार मिळण्याची शक्यता कोणाच्याही बाबतीत असते. पैसेच पाठवायचे झाले तर बँक खात्यातून पाठवावेत. २०२६ पासून रोख रक्कम किंवा मनी ऑर्डर देऊन परदेशी पाठवलेल्या पैशांवर इथे एक टक्का कर लागतो, खात्यातून पाठवलेल्यांवर तो लागत नाही.

पैशाबरोबर माहितीही द्यावी, कधी कधी तीच जास्त मोलाची असते. १८९२ मध्ये सुरू झालेली जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्जाऊ शिष्यवृत्ती आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची, विमानभाड्यासह खर्च देणारी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती यांसाठी या मुलाने अर्ज केला होता का, हे विचारावे. या वर्षीची मुदत टळली असेल, पण त्याच्या धाकट्या भावंडाला ती माहिती उपयोगी पडेल.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्यावा. ‘पैसे नकोत, फक्त स्पॉन्सर म्हणून कागदावर सही करा’ ही विनंती पैशांपेक्षा सौम्य वाटते, म्हणून माणसे फसतात. आय-१३४ सारख्या, आर्थिक पाठबळाची हमी देणाऱ्या सरकारी फॉर्मवर सही करताना, मी या व्यक्तीचा खर्च उचलण्यास समर्थ आणि तयार आहे, असे तुम्ही खोटे ठरल्यास शिक्षेची जोखीम पत्करून लिहून देता. जो खर्च आपण उचलणार नाही, तो उचलू असे परक्या देशाच्या सरकारला लिहून देणे तुमच्या स्वतःच्या व्हिसासाठीही बरे नव्हे.

सासूबाईंसाठी यजमानांनी साधारण असे लिहावे: ‘आई, त्याला प्रवेश मिळाला हे ऐकून आनंद झाला. पहिल्या वर्षी आमचा इथला जम बसायचा असल्याने दीड लाख जमणार नाहीत. त्याने फोन करून आय-२० पाठवला, की त्याची सेव्हिसची फी आमच्यातर्फे भेट म्हणून भरतो, ती परत करायची नाही. टेक्ससला पोहोचल्यावर सिमकार्ड, बँक, घर यांबद्दल त्याने केव्हाही विचारावे.’ हे या आठवड्यातच पाठवा. मुलाची व्हिसाची मुलाखत होईपर्यंत थांबलात, तर त्यांनी दीड लाख धरूनच बाकीची जुळणी केलेली असेल.