चाळीस हजारांत गावातलं नवं घर कसं मांडावं?
लग्नानंतर दोघंच राहणार, घर यवतमाळकडच्या खेड्यात, हाती चाळीस हजार, तर आधी काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

आधी कूलर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा सोफ्याचं कौतुक कोणालाच राहत नाही. तालुक्याच्या गावी बनवलेला, लोखंडी पत्र्याचाच बघा. मोटर तांब्याच्या वायंडिंगची आहे का ते विचारा. टाकीच्या सांध्यांवरून आतून हात फिरवा, तिथे रंग सुटलेला असेल तर गंज लवकर चढतो. उन्हाळा निभत असेल तर पावसाळा लागल्यावर घ्या, भाव उतरतो. पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घ्या. साधा ७५ वॉट खातो, हा ३०च्या आसपास, इन्व्हर्टरवरही जास्त वेळ चालतो.

आलमारी, पलंग जुनेच शोधा. मे-जूनमध्ये बदली झालेले शिक्षक, बँकवाले सामान काढतात. लाकडी वस्तू उलटी करून पायांना उधई लागलीय का बघा. टिचकीला पोकळ आवाज आला तर सोडून द्या. लोखंडी पलंगाला ती भीतीच नाही.

भांडी आहेरात येतातच. सोफा पुढच्या कापसाच्या पैशांवर ठेवा, हप्त्यावर मुळीच घेऊ नका.