गणवेशातून गृहखात्यात : नसीरुल्ला बाबर

प्रश्न : गृहखाते निवृत्त सुरक्षा अधिकाऱ्याकडेच असावे, असे म्हणणारे पाकिस्तानच्या नसीरुल्ला बाबर यांचा दाखला देतात. त्यांची कारकीर्द खरोखर यशस्वी म्हणता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : झटपट परिणाम हेच यश मानले, तर म्हणता येईल, मात्र गृहमंत्र्याला तेवढी एकच कसोटी लावणे मला मान्य नाही. मेजर जनरल बाबर हे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी फ्रंटियर कोअर या निमलष्करी दलाचे महानिरीक्षक होते आणि काबूलहून परागंदा झालेल्या आणि पुढे अफगाण मुजाहिदीनांचे नेते बनलेल्या हिकमतयार, मसूद यांच्यासारख्या तरुणांना शस्त्रप्रशिक्षण देण्याच्या कामात त्यांचा पुढाकार होता. पुढे ते सरहद्द प्रांताचे राज्यपाल झाले आणि १९९३ मध्ये बेनझीर भुत्तो यांनी त्यांच्याकडे गृहखाते सोपवले.

मंत्री झाल्यावरही सीमेपलीकडचा प्रश्न परराष्ट्र खात्यावर सोडून स्वस्थ बसणे त्यांना जमले नाही. १९९४ च्या ऑक्टोबरात काबूलच्या सरकारला न विचारता ते काही देशांच्या राजदूतांना घेऊन कंदाहार आणि हेरातपर्यंत जाऊन आले. त्या महिन्याच्या अखेरीस मध्य आशियाकडे जाणारा व्यापारी मार्ग खुला करण्यासाठी क्वेट्ट्याहून सुमारे ३० मालमोटारींचा ताफा निघाला. कंदाहारजवळ स्थानिक टोळीप्रमुखांनी तो अडवला, तेव्हा तोवर फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या तालिबानने तो सोडवला आणि लगोलग कंदाहार शहरच ताब्यात घेतले. रस्ता मोकळा झाला खरा; परंतु दोन वर्षांच्या आत काबूलही तालिबानच्या हाती गेले आणि त्याची किंमत अफगाण जनतेने, विशेषतः तेथील स्त्रियांनी, चुकवली.

कराचीतही हेच दिसते. १९९४ च्या अखेरीस लष्कर माघारी गेल्यावर मुहाजिर कौमी मूव्हमेंट या, फाळणीनंतर भारतातून आलेल्या उर्दूभाषकांच्या पक्षाच्या सशस्त्र गटांविरुद्धची मोहीम बाबर यांनी पोलीस आणि रेंजर्स हे निमलष्करी दल यांच्या बळावर चालवली. १९९६ मध्ये शहरातील हिंसाचार बराच ओसरला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे, कारण त्यापूर्वी माणसे घराबाहेर पडायला धजत नव्हती. पण पकडलेले संशयित न्यायालयासमोर उभे राहण्याआधीच चकमकीत ठार झाल्याच्या बातम्या वारंवार येत राहिल्या, आणि सेनाधिकारी एखाद्या कारवाईचा हिशेब वरिष्ठांना देतो तसा मंत्र्याला तो कायद्यापुढे द्यावा लागतो, ही जाणीव त्यांच्या कारभारात मला कोठे आढळत नाही. बाबर वैयक्तिकदृष्ट्या धाडसी होते, हे त्यांचे विरोधकही मान्य करत. त्यामुळे दोष त्यांच्या धैर्यात शोधू नये.

२० सप्टेंबर १९९६ रोजी पंतप्रधानांचे सख्खे बंधू मुर्तझा भुत्तो कराचीत स्वतःच्या घराजवळ पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. ५ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष फारूक लेघारी यांनी सरकार बरखास्त केले, तेव्हा त्यांनी दिलेल्या कारणांत कराचीतील न्यायबाह्य हत्यांचाही समावेश होता.