दहा हातांचं घर, चार हातांवर

मँचेस्टरहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर कोल्हापूरचं, सासर इचलकरंजीचं. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, मुलं दोन. त्या लिहितात, "घरात सगळी यंत्रं आहेत. वेळ वाचवायच्या म्हणून ज्या काही युक्त्या सांगतात त्या सगळ्या करून झाल्या. तरी रविवारी रात्री मी शुक्रवारपेक्षा जास्त दमलेली असते. आईला सांगितलं तर ती म्हणते, आम्ही काय कमी कामं केली का? मग वाटतं, मीच कुठंतरी कमी पडतेय."

ताई, तुम्ही कमी पडत नाही. तुमच्या आईनं कष्ट उपसले हे खरंच, पण ते घर त्यांच्या एकटीच्या जिवावर चालत नव्हतं. आठवून बघा. सकाळी दूध दारात यायचं. धुण्याभांड्याला मावशी होत्या. दळण गिरणीत जायचं, कपडे इस्त्रीवाल्याकडं, पोरं रिक्षाकाकांबरोबर शाळेत. यादी पाठवली की किराणा घरपोच. आई भाजीला गेली तर घरात आजी असायची, आजी देवळात गेली तर शेजारच्या काकू लक्ष ठेवायच्या. कुणी त्याचा हिशेब मांडला नाही, पण दहा हात होते. तुमच्याकडं ही सगळी माणसं तुम्ही दोघंच आहात. आणि अपेक्षा मात्र इथल्याच घराच्या: दोन्ही वेळा ताज्या चपात्या, भाजी-आमटी वेगळी, पाहुणा आला की साग्रसंगीत.

म्हणून माझा पहिला सल्ला युक्त्यांचा नाही. आधी कामं कमी करा, उरलेल्या कामांत मग वेळ वाचवा. उलट केलं की फसगत होते. अर्धा तास वाचला की त्या अर्ध्या तासात कपाट आवरून होतं, ई-मेल बघून होतात, आणि विसावा तिथंच राहतो. एका रविवारी दोघांनी चहा घेऊन बसा. आठवड्याची सगळी कामं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढं एकच प्रश्न विचारा, हे केलं नाही तर नक्की कुणाचं काय बिघडतं? मुलांच्या शाळेच्या शर्टाला इस्त्री नसली तर काही बिघडत नाही, धुऊन लगेच हँगरला लावला की पुरतं. खिडक्यांच्या काचा महिनाभर थांबतात. रोज ताज्या चपात्यांचा हट्ट सोडला तरी चालतं. आठवड्यातून तीन दिवस करा, बाकीचे दिवस भात, भाकरी, नाहीतर दुकानातल्या गोठवलेल्या चपात्या. "यांना विकतची चालत नाही" असं ज्या घरात असेल तिथं ज्याला चालत नाही त्यानं पीठ मळायला घ्यावं. हे उत्तर म्हणूनच दादांनीही, म्हणजे तुमच्या नवऱ्यानंही, वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता वेळ वाचवण्याकडं येऊ. त्यात कोल्हापूरकरांना बाहेरून शिकायची फारशी गरज नाही, आपल्या आज्यांनी ते काम कधीच करून ठेवलंय. वर्षाची चटणी घ्या. मार्च-एप्रिलात गल्लोगल्ली मिरच्या वाळत पडतात, ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला. देठं काढायला चार बायका ओट्यावर बसतात. धणे, तीळ, खोबरं, खडा मसाला तेलावर वेगवेगळा भाजून डबे डंकावर जातात. तिथं रांगेत आपला नंबर येईपर्यंत खकाण्यानं ठसका लागतो, डोळे चुरचुरतात. कांडणारी मावशी तोंडाला पदर गुंडाळून, लोखंडी मुसळ वर गेलं की तेवढ्यात बाजूची चटणी उखळात लोटते. शेवटी तळलेला कांदा, लसूण आणि मीठ पडतं. दोन दिवस घर उलटंपालटं होतं खरं, पण मग वर्षभर रोजचं कालवण वीस मिनिटांत होतं. तेल, कांदा, चमचाभर चटणी, भिजवलेली मटकी, मीठ, पाणी, की झालं. वांग्याला फक्त दाण्याचं कूट जास्तीचं. मसाला भाजत, वाटत बसायचं रोजचं काम त्या दोन दिवसांनी आधीच उरकून टाकलेलं असतं.

तेव्हा परदेशात डझनभर मसाल्यांच्या बाटल्या मांडू नका. वर्षाची चटणी इथूनच न्या, किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मागवा. महिन्यापुरती बरणीत ठेवा, बाकीची हवाबंद पिशव्यांतून फ्रीझरमध्ये. रंग टिकतो, वासही टिकतो. ओला चमचा तेवढा घालू नका. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. आपल्या बऱ्याच घरांत चटणीत खसखस पडते, आणि संयुक्त अरब अमिराती व सिंगापूरमध्ये खसखशीला बंदी आहे. दुबई-सिंगापूरला जायची असेल तर चटणी खसखशीशिवायच कांडून घ्या. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याच्या सगळ्या वस्तू अर्जात नोंदवाव्याच लागतात, तिथं लपवाछपवी अंगाशी येते. आणि ब्रिटन किंवा युरोपला जाताना आईनं प्रेमानं बांधून दिलेले पेढे इथंच संपवा. भारतातून दुधाचे पदार्थ सामानातून न्यायला तिथं परवानगी नाही.

याच रीतीनं शनिवारी तासभर दोघांनी मिळून ओट्याशी उभं राहावं. एकानं किलोभर कांदा चिरून खोबऱ्यासह परतावा, गार झाल्यावर वाटण करून बर्फाच्या ट्रेमध्ये भरावं. गोठलं की वड्या पिशवीत काढायच्या, रश्श्याला दोन-तीन पुरतात. दुसऱ्यानं लसूण सोलावा, दाणे भाजून कूट करावं, मटकी भिजत घालावी. थंडीत मोड येत नाहीत ही सगळ्यांची तक्रार असते. ओव्हन न पेटवता फक्त आतला दिवा लावून मटकी रात्रभर आत ठेवा, तेवढी ऊब पुरते. इडलीचं पीठही तसंच फुगतं.

दोन ठिकाणी मात्र वेळ वाचवायला जाऊ नका. कच्चा राजमा सरळ स्लो कुकरमध्ये टाकू नका. त्या मंद आचेवर राजम्यातलं विषारी द्रव्य जात नाही, आणि उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात खळखळून उकळी आल्यावर निदान १० मिनिटं तसाच उकळू द्या, मग पुढचं काय ते करा. किंवा सरळ प्रेशर कुकर लावा. दुसरं, उरलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. पसरट ताटात लवकर गार करून तासाभरात फ्रिजमध्ये जाऊ दे, आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत एकदाच गरम करून संपवा. शिळ्या भाताला फोडणी आपण लहानपणापासून खातोय, पण हीटर चालू असलेल्या घरात भात लवकर बिघडतो.

भांड्यांचं थोडक्यात सांगते. कितीतरी मराठी घरांत डिशवॉशर निव्वळ भांडी निथळत ठेवायला वापरतात. ते लावा. पूर्ण भरून लावलं तर वाहत्या नळाखाली धुण्यापेक्षा पाणी कमीच लागतं. ॲल्युमिनियमचा कुकर आणि पितळ-तांब्याची भांडी तेवढी बाहेर ठेवा, ती काळी पडतात.

आता विसाव्याचं, कारण खरी अडचण तिथंच आहे. ताईंनी पत्रात लिहिलंय, "दुपारी आडवी झाले तर अपराधी वाटतं." बाईच्या जातीनं बसून राहू नये, असं ऐकत आपण मोठ्या झालो. पण याच कोल्हापुरात एक जागा अशी आहे जिथं दुपारच्या झोपेला कुणी नाव ठेवत नाही, ती म्हणजे तालीम. शाहू महाराजांनी कुस्तीला आसरा दिला, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं, तेव्हापासून आजपर्यंत मोतीबाग, गंगावेस या तालमींतल्या पोरांचा क्रम फारसा बदललेला नाही. पहाटे अंधारात उठून मेहनत, मग थंडाई, मग जेवण, आणि दुपारी गाढ झोप. संध्याकाळी पुन्हा लंगोट. झोपलेल्या पैलवानाला वस्ताद हाकलत नाहीत, उलट न झोपणाऱ्यालाच दटावतात. केलेली मेहनत अंगी लागायची तर अंग टाकावंच लागतं, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत असतं. तुमचंही अंगच आहे, ताई.

म्हणून शनिवार-रविवारातली एक दुपार आधीच राखून ठेवा. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर मुलांच्या पोहण्याचा वर्ग लिहिता तसंच तिथं "दुपारी दोन ते चार, काही नाही" असं लिहा. त्या वेळेत कुणाला बोलावू नका, सामान आणायला जाऊ नका, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. मोबाईल बघत लोळलं की वेळ जातो, शीण जात नाही. डोळा लागला तर वीस-पंचवीस मिनिटांचा गजर लावा. तीननंतर झोपलात तर रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. डिसेंबरात मँचेस्टरला चारच्या आत अंधारतं, तेव्हा थंडीत आधी जेवणाअगोदर बाहेर उजेडात चक्कर मारून या. त्यानं रात्रीची झोपही सुधारते. मोठ्या माणसाला रात्री निदान ७ तास झोप हवी. आणि संध्याकाळी साडेसहाचा कडक चहा सोडा, किंवा चारवर आणा. चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात.

मुलांचंही तेच. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला २४ तासांत ९ ते १२ तास झोप लागते, पुढं अठरापर्यंत ८ ते १०. रविवारी मराठी शाळा, तबला, गणित आणि बुद्धिबळ असं सगळं असेल तर दोन ठेवा, बाकीचं राहू द्या. मराठी ठेवा असं मी म्हणेन, पण मूल रडत जात असेल तर तीही जबरदस्ती नको. संध्याकाळी त्याला बाजूला घेऊन वांगी कापत मराठीत गप्पा मारल्यात तर तेही शिक्षणच झालं. आठ वर्षांचं मूल मोज्यांच्या जोड्या लावू शकतं, ताटं मांडू शकतं. त्याला मदत म्हणू नका, ते त्याचं घर आहे.

पाहुण्यांना बोलावणं बंद करू नका. परक्या देशात आपली माणसं हाच मोठा आधार. फक्त पाच पदार्थांचा घाट सोडा. मिसळ करा. कट आदल्या रात्री करून ठेवला तर मुरून अधिक चांगला लागतो, उसळ कुकरला होते, फरसाण पाकिटातलं. आणि आपल्याकडं मिसळीबरोबर स्लाइस ब्रेडच लागतो, तो जगात कुठंही मिळतो. कांदा-लिंबू चिरायला आलेल्यांतल्याच कुणाला तरी बसवा. गोडाचं त्यांनी आणावं. दोन ताट जास्तीची झाली तरी जीव दडपत नाही.

इथल्या फोनचाही ताण होतो, बोलायला कुणी धजत नाही एवढंच. रोज वेळ मिळेल तेव्हा धावत-पळत फोन करण्यापेक्षा ठरावीक वेळ बांधून घ्या. ब्रिटनचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढं जातं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं येतं, आपलं हलत नाही. थंडीत फरक साडेपाच तासांचा, उन्हाळ्यात साडेचार. तुम्ही शनिवारी सकाळी नऊला फोन लावता तेव्हा थंडीत इथं अडीच वाजलेले असतात, आई-बाबा जेवून नुकते आडवे झालेले. साडेअकराला लावा, चहाच्या वेळेला पोहोचेल आणि दोन्हीकडं घाई नसेल. न्यू जर्सीकरांना सकाळी आठ सोयीचे, इथं तेव्हा उन्हाळ्यात साडेपाच आणि थंडीत साडेसहा असतात. कॅलिफोर्नियाहून आठला केलात तर इथं रात्रीचे साडेआठ किंवा साडेनऊ, म्हणजे थंडीत थोडा उशीरच. त्यांनी साडेसातला करावा.

शेवटचा प्रश्न ताईंनी मोठ्या संकोचानं विचारलाय. यंदा मे महिन्यात तीन आठवडे कोल्हापूरला यायचंय, आणि आत्तापासून धास्ती वाटतेय, कारण गेल्या खेपेस सुट्टी नातेवाइकांच्या घरी चहा पिण्यातच संपली. संकोच करू नका. मुंबईला उतरून महालक्ष्मी एक्सप्रेसची रात्र काढून आलेल्या माणसाला त्याच दिवशी ओटी भरायला बसवू नये. आईला आजच्याच फोनवर सांगा की पहिले दोन दिवस कुणाला बोलावू नकोस, आम्ही नुसते झोपणार आहोत. भेटीगाठींसाठी एक दिवस ठरवून सगळ्यांना एकत्रच घरी बोलवा, जेवण बाहेरून मागवा म्हणजे आईलाही बसायला मिळेल. वयस्कर, आजारी माणसांकडं तेवढं तुम्ही जा. परतीचं तिकीट गुरुवारी पोहोचाल असं काढा. बॅगा उघडायला, धुणं लावायला आणि मुलांची झोप जागेवर यायला शनिवार-रविवार हाताशी लागतो. तिकिटं काढायच्या आधी दादांना रजेचे दोन दिवस वाढवून मागायला सांगा.