वाचकांचे प्रश्न : टॅकोमीटर कमी फेरे दाखवतो, मीटर बदलावा का?

प्रश्न : माझ्याकडे १९८९ ची प्रीमियर पद्मिनी आहे. जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेला टॅकोमीटर (इंजिन मिनिटाला किती फेरे घेते ते दाखवणारा मीटर) मी तिच्या डॅशबोर्डवर बसवून घेतला. गाडी उभी असताना काटा ६०० वर असे, म्हणून मेकॅनिकने आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग, वाढवून तो ९०० वर आणला. तेव्हापासून सिग्नलवर इंजिन उगाच घोंगावते आणि पेट्रोलही जास्त लागते. रात्री हेडलाइट लावले की काटा थोडा खाली येतो आणि महेश्वरहून परतताना मानपूरचा घाट चढू लागलो की तो थरथरतो. मीटर बदलावा का?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : इतक्यात बदलू नका. आपण सांगितलेल्या तिन्ही तक्रारी एकाच दोषाच्या नसाव्यात, आणि त्यांपैकी एक तर बहुधा मीटरची नाहीच.

हा मीटर इग्निशन कॉइलच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या वेटोळ्याच्या, ऋण टोकावर येणारे स्पंद मोजतो. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, सहा सिलिंडरच्या इंजिनात तीन. सहा सिलिंडरसाठी जुळवलेला मीटर आपल्या गाडीला लावला, तर तो खऱ्या आकड्याचा दोन तृतीयांश भागच दाखवील, म्हणजे ९०० चे ६०० आणि ३००० चे २०००. आपला ६०० चा आकडा याच्याशी इतका जुळतो की माझा पहिला संशय इथेच आहे. तसे असेल तर आज काटा ९०० दाखवत असताना इंजिन प्रत्यक्षात १३५० फेरे घेत आहे, आणि घोंगावण्याचे कारण तेच आहे. काट्यावर विसंबून आयडलिंगचा स्क्रू फिरवणे हा उलटा उपचार झाला.

खात्री करण्यासाठी ऑटो इलेक्ट्रिशियनकडचा फेरे मोजणारा मल्टिमीटर लावून तीन वेगवेगळ्या वेगांवर दोन्ही आकडे लिहून घ्या. चूक सर्वत्र त्याच प्रमाणात असेल तर मीटरच्या मागे ४, ६, ८ असा सिलिंडरचा स्विच आहे का ते पाहा. जुन्या मीटरमध्ये तो पुष्कळदा चुकीच्या आकड्यावर राहिलेला असतो. चूक सर्वत्र सारख्याच आकड्याची असेल, तर मात्र काटाच शून्यावरून सरकलेला असण्याची शक्यता अधिक.

उपकरण मिळाले नाही तरी अडत नाही. क्रँकच्या पुलीवर खडूची एक रेघ ओढा आणि संध्याकाळी, हवेशीर जागी, जुन्या लोखंडी चोकच्या ट्यूबलाइटखाली इंजिन चालू करा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. त्यामुळे बरोबर १५०० फेऱ्यांना चार रेघा स्थिर उभ्या दिसतात आणि ३००० ला दोन. त्या वेळी काटा १००० आणि २००० दाखवत असेल, तर निदान झाले. पंख्यापासून हात आणि कपडे मात्र दूर ठेवा.

हेडलाइट लावल्यावर काटा उतरणे हे बहुतेक वेळा अर्थिंगचे, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे वीज परतण्याच्या जोडणीचे, दुखणे असते. हेडलाइट चालू ठेवून मीटरची अर्थची तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामधला व्होल्टेज मोजा. तो ०.२ व्होल्टपेक्षा बराच अधिक भरला, तर मीटरसाठी वेगळी तार टाकून ती रंग खरवडलेल्या, स्वच्छ पत्र्यावर घट्ट बसवा.

घाटातल्या थरथरण्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. काट्याबरोबर गाडीही झटके घेते का, हे चढावर पाहा. घेत असेल तर काटा खरेच सांगतो आहे आणि दोष इग्निशनचा आहे: पॉइंट (कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडणारे संपर्क) जळालेले असतील, त्यांना जोडलेला कंडेन्सर अशक्त झाला असेल किंवा डिस्ट्रिब्युटरचा (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) बुश झिजून शाफ्ट डोलत असेल. चढावर ठिणगीला अधिक व्होल्टेज लागत असल्याने हे दोष तिथेच उघडे पडतात. इंजिन सुरळीत असून केवळ काटा नाचत असेल, तर मीटरची तार प्लगच्या तारांपासून दूर न्या आणि त्या नुसत्या तांब्याच्या असतील तर रोधक असलेल्या बसवा.

तारा काढण्या-जोडण्याची ही कामे इग्निशन बंद करूनच करावीत. पॉइंट उघडताना कॉइलच्या त्या टोकावर काहीशे व्होल्ट येतात. तिथून निघणारी तार पत्र्याच्या भोकातून डॅशबोर्डकडे जाते, तिथे रबरी ग्रोमेट (तार कडेला घासू नये म्हणून भोकात बसवायची कडी) बसवलेला आहे ना, हेही पाहून घ्या. ती घासून बॉडीला टेकली तर कॉइलचे काम थांबून इंजिनच बंद पडते. असे वाटेत झाले, तर ती तार कॉइलवरून काढून टाकल्यावर गाडी मीटरशिवाय घरापर्यंत येऊ शकते.