पंधरा सकाळी एकाच मानशीवर

प्रश्न : बाई, मी म्हापशाचा. वय ५३. गेली २२ वर्षं जलरंगात निसर्गचित्रं करतो. माड, होडी, मावळता सूर्य. पणजीतल्या जुन्या फोन्तेन्यास वस्तीच्या पिवळ्या-निळ्या भिंती. बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, असलेलं जुनं घर. कळंगुटच्या दुकानांत ही चित्रं खपतात, घर त्यावर चालतं, तक्रार नाही. पण गेल्या पावसाळ्यात एक चित्र करताना माझं सगळं लक्ष टीव्हीवरच्या मॅचकडे होतं, आणि तरी चित्र पूर्ण झालं. चांगलं झालं, विकलंही गेलं. त्या दिवसापासून ब्रश हातात घ्यायचा कंटाळा नव्हे, भीती वाटते. एक मित्र म्हणतो, अमूर्ताकडे वळ, गायतोंडे बघ. बायको म्हणते, हिमाचलला जाऊन ये, नवे डोंगर बघ. आणखी एकाने सांगितलं, एका विषयावर मालिका कर. पण तेच तेच काढणं हाच तर माझा आजार आहे ना? काय करू?

उत्तर : मॅचची गोष्ट तुम्ही लपवली नाहीत, म्हणून तुमचं पत्र ढिगातून वर काढलं. पुष्कळांचं असं होतं. सांगत कोणी नाही.

हिमाचल राहू दे. वहिनींना फिरायला जायचं असेल तर जरूर जा, पण रंगपेटी घरी ठेवा. तुमचा हात तिथे माडाच्या जागी देवदार काढील, एवढाच फरक. अमूर्ताचं म्हणाल, तर चित्रकार वासुदेव गायतोंडे स्वतः आपल्या कामाला ‘अमूर्त’ म्हणत नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कुठल्याही वस्तूचं नसलेलं, म्हणत. एका शब्दाबाबतही इतका काटेकोर असलेला माणूस थकवा घालवायला तिकडे गेला नव्हता. पळवाट म्हणून तो रस्ता धरलात तर सहा महिन्यांत मॅच बघत रंगाचे थर लावता येऊ लागतील.

उरली मालिका. तुम्ही माड शंभरदा तरी काढला असेल. कुठला माड? त्याला झावळ्या किती होत्या, बुंध्यावर पाडेलीने, म्हणजे नारळ काढणाऱ्याने, पाडलेल्या खाचा होत्या का? नाही सांगता येणार. तुम्ही शंभरदा काढलात तो डोक्यातला एकच माड. मालिकेत याच्या बरोबर उलट होतं.

माझं सांगते. काही वर्षांपूर्वी एका हॉटेलने माझ्याकडून १२ चित्रं करून घेतली, खोल्यांच्या पडद्यांना जुळतील अशी. पडद्याच्या कापडाचा तुकडा पाठवला होता. मी सहा दिवसांत बारा उरकली, पैसे घेतले आणि पुढे चार महिने कागदाला हात लावला नाही. मग फेब्रुवारीत, काही सुचत नाही तर निदान घराबाहेर तरी पडू, म्हणून रायबंदरहून फेरीबोटीने मांडवीतल्या चोडण बेटावर जाऊ लागले. तिथे खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधावर एक जुनी मानस आहे. घाटावरच्या वाचकांसाठी सांगते : नदीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालतात, आणि बांधात जिथे पाण्याला वाट ठेवतात तिथे लाकडी झडपा बसवतात, ती मानस. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच रेट्याने झडप मिटते. सुकती लागली, बाहेरचं पाणी उतरलं, की आतल्या पाण्याने उघडते. कोणी हात लावावा लागत नाही.

ठरवलं की पंधरा दिवस रोज सकाळी सव्वासातला तिथेच, त्याच दगडावर बसायचं. कागद पाव इम्पिरिअल, म्हणजे ११ बाय १५ इंच. रंग तीनच : अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), येलो ओकर (मातकट पिवळा). तयार हिरवा घरी ठेवला, कारण माझ्या हाताची सगळी लबाडी त्या ट्यूबमध्ये होती. अल्ट्रामरीन आणि ओकरचा हिरवा मळकट येतो, खाजनातल्या गवताचा असतो तसाच. आणि अल्ट्रामरीनमध्ये सिएना मिसळला की चिखलाचे इतके करडे मिळतात की मला दुसऱ्या कशाची आठवण झाली नाही.

आता यातली खुबी. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. तुम्ही रोज घड्याळाच्या त्याच ठोक्याला बसलात तरी पाणी तिथे नसतं. आज झडप मिटलेली, पाणी बांधाला टेकलेलं. सात-आठ दिवसांनी चिखल उघडा आणि त्यात बगळे. पंधरवड्याने जवळपास परत पहिल्यासारखं. म्हणजे जागा एक, वेळ एक, आणि चित्र मात्र एकदाही तेच नाही. हे मी काही हुशारीने योजलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

पहिली पाच-सहा चित्रं वाईट नव्हती, पण सगळी ‘माझी’ होती. मागे माडांची रांग, वर आकाशाचा ओला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट हात, मध्ये मानस नीट बसवलेली. सातव्या दिवशी मानशीवर जाळं लावणारे एक आजोबा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, “बाई, भरती येता न्हय? मागीर दार उक्तें कशें?” पाणी चढतंय आणि मी झडप उघडी काढली होती! दिसायला उघडी चांगली दिसते, आतला काळोख मिळतो ना, म्हणून. एक आठवडा समोर बसून मी मानस पाहिलीच नव्हती, मानशीचं चित्र पाहिलं होतं. लाजेने कान तापले.

त्यानंतर चित्रं बदलली. मी बदलली नाहीत, झडपेकडे नीट बघायचं म्हणून जवळ सरकत गेले आणि क्षितिज कागदाच्या वर वर जात अकराव्या दिवशी बाहेरच पडलं. माड गेले, आकाश गेलं. राहिली ती फळी आणि तिच्यावर पाण्याने ओढलेल्या रेघा : तळाशी काळी, मग शेवाळी, मग कालवं चिकटलेला पट्टा, वर ऊन खाऊन पांढरं पडलेलं लाकूड. शेवटची चार चित्रं त्या फळीचीच आहेत. पंधरातली तीच ठेवली. एक पाण्यात पडलं, बाकीच्यांच्या पाठीवर आता मी रंग तपासते. गेली काही वर्षं मी जे करते आहे, भिंतीवरच्या ओलीच्या रेघा, विहिरीचे चिरे, होडीचं पोट, ते सगळं त्या चार चित्रांतून निघालं. दिशा शोधायला मी गेले नव्हते. गेले असते तर आकाशच काढत बसले असते.

मोठ्यांची साक्ष हवी असेल तर फ्रेंच चित्रकार क्लोद मोने. रुआँच्या कॅथीड्रलची तीसहून अधिक चित्रं त्याने केली, १८९२ ते १८९४च्या दरम्यान, समोरच्या घरांतल्या खोल्यांतून. एका रात्री त्याला स्वप्न पडलं की कॅथीड्रल अंगावर कोसळतंय, निळं, गुलाबी, पिवळं होत. तेव्हा आठव्या दिवशी झोप उडाली तर घाबरू नका. आणि जपानचा होकुसाई! फुजी पर्वताची ‘३६ दृश्यं’ म्हणून त्याची मालिका प्रसिद्ध आहे, त्यात चित्रं आहेत ४६. ती निघाली तेव्हा तो सत्तरीचा होता. तुम्ही ५३चे आहात.

दुकानांची चित्रं बंद करू नका. घर चालायला हवं, आणि उपाशी माणसाला चिखलाचे करडे दिसत नाहीत. सकाळ मालिकेला, दुपार माडांना. मात्र मालिकेतलं एकही चित्र पंधरा दिवस पुरे होईपर्यंत कोणाला दाखवू नका, विकू तर नकाच. चौथ्यालाच गिऱ्हाईक मिळालं की पाचवं त्याच्यासारखंच होतं.

मानसच हवी असं नाही. पण तुम्ही म्हापशाचे, शापोरा नदीचा काठ जवळ आहे, आणि पाण्याशी बसलात तर रोजचा बदल फुकट मिळतो. भरतीची वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब चालतो : तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा तास. अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या मागेपुढे. ठोकताळा आहे, जागेप्रमाणे तास-दीड तास इकडेतिकडे होतं. काठावरच्या माणसाला विचारून जुळवून घ्या. तो माणूस तुमच्या मागे उभा राहिला तर हटवू नका.

पंधरा झाली की मला पहिली आठ पाठवू नका. नवव्यापासून पुढची पाठवा, पाठीवर तिथी लिहून.