पाळी पुढे-मागे होतेय? आधी तारखा लिही

अगं, पहिली पाळी येऊन वर्षच झालंय ना तुला? मग दीड महिन्याने आली म्हणून रडू नकोस. सुरुवातीची दोन-तीन वर्षं अंडाशयातून दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही, म्हणून चक्र डळमळतं. या वयात २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. परीक्षा, जागरण, एकदम घटलेलं वजन, यानेही पाळी लांबते.

कालनिर्णयवर पहिल्या दिवसाला गोल कर. शेजारी किती दिवस राहिली, किती पॅड लागले, पोट किती दुखलं तेही लिही. डॉक्टर पहिला प्रश्न तारखेचाच विचारतात आणि तिथे 'आठवत नाही' म्हणून भागत नाही. दप्तरात एक पॅड आणि जादा निकर कायम असू दे.

तीन महिने आलीच नाही, सात दिवसांपेक्षा जास्त राहिली, किंवा तासा-दोन तासांत पॅड भिजायला लागलं, तर आईला घेऊन सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. बहुतेकदा हिमोग्लोबिन, थायरॉईडची रक्ततपासणी आणि पोटावरून सोनोग्राफी, एवढंच असतं. मुरुमं, हनुवटीवर केस वाढत असतील तर तेही सांग, लाजू नकोस. शाळेत लोहाची निळी गोळी देतात, ती रिकाम्या पोटी नको, जेवल्यावर घे.

आणि गौरी-गणपतीत कुणी पाळी पुढे ढकलायची गोळी हातावर ठेवली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. याबाबत मी हट्टीच आहे.